सीटीआरएस प्रमाणपत्राचा अर्ज: इंटर्नशिपचे तास, सपोर्ट कोर्सेस आणि भारतातली मार्कशीट

अमेरिकेत रुग्णालय, पुनर्वसन केंद्र किंवा मानसोपचार विभागात रिक्रिएशनल थेरपिस्टची, म्हणजे खेळ, कला, छंद अशा उपक्रमांतून रुग्णांवर उपचार करणाऱ्याची, नोकरी शोधताना बहुतेक जाहिरातींत सीटीआरएस (सर्टिफाइड थेरप्युटिक रिक्रिएशन स्पेशालिस्ट) प्रमाणपत्र मागितलेलं दिसतं. १९८१ साली स्थापन झालेली एनसीटीआरसी (नॅशनल कौन्सिल फॉर थेरप्युटिक रिक्रिएशन सर्टिफिकेशन) ही संस्था ते देते. परीक्षेचा धसका सगळेच घेतात, पण अनेक अर्ज त्याआधी, कागदपत्रांच्या छाननीतच अडकतात.

पात्रतेचा सरळ मार्ग असा: थेरप्युटिक रिक्रिएशन (रिक्रिएशनल थेरपीचंच दुसरं नाव) मुख्य विषय असलेली पदवी, त्या विषयाचे ठरलेले कोर्सेस, १८ सेमिस्टर क्रेडिटचे सपोर्ट कोर्सेस, म्हणजे पूरक विषय, आणि इंटर्नशिप. पदवी दुसऱ्या विषयाची असेल, तर इक्विव्हॅलन्सीचा, म्हणजे समकक्षतेचा, मार्ग आहे. तिथे कोर्सेसबरोबर या क्षेत्रातला पगारी अनुभव लागतो. वृद्धाश्रमात वर्षानुवर्षं मनापासून केलेली विनावेतन सेवा त्यात धरली जात नाही.

सपोर्ट कोर्सेसमध्ये तीन विषयांना पर्याय नाही, आणि प्रत्येकाचे किमान ३ क्रेडिट हवेत. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र हा पहिला. दुसरा ॲबनॉर्मल सायकॉलॉजी, म्हणजे मानसिक विकारांचा अभ्यास. त्याच्या जागी जनरल सायकॉलॉजी दाखवून भागत नाही. तिसरा मानवी वाढ आणि विकास, तोही जन्मापासून वार्धक्यापर्यंत. बालविकासाचा कोर्स कितीही उत्तम गुणांनी केलेला असला, तरी अर्धंच आयुष्य शिकलात म्हणून तो बाजूला ठेवतात. शेवटच्या सत्रात हे लक्षात आलं, तर एका कोर्सपायी सहा महिने जातात. म्हणून पहिल्याच वर्षी ट्रान्सक्रिप्ट (महाविद्यालयाचं अधिकृत गुणपत्रक) पुढ्यात घेऊन हे तीन विषय शोधा.

इंटर्नशिपचा नियम दोन अंगांनी वाचायचा असतो: किमान ५६० तास *आणि* किमान सलग १४ आठवडे. आठवड्याला ४५ तास काम करून साडेबारा आठवड्यांत ५६० तास भरतात, पण आठवडे कमी पडल्यामुळे इंटर्नशिप अपुरी ठरते. उलट, १४ आठवडे रोज नेमाने जाऊन आठवड्याला ३८ तासच भरले, तर बेरीज होते ५३२. चाळीसच्या हिशेबात १४ आठवड्यांचे नेमके ५६० तास होतात. थँक्सगिव्हिंगच्या दोन सुट्ट्या घेतल्या तरी खड्डा पडतो. त्यामुळे सुरुवातीलाच १५ आठवड्यांचं वेळापत्रक मागून घ्या. तासांची नोंद दर आठवड्याला करून सही घ्या. पर्यवेक्षक नोकरी सोडून गेल्यावर त्या सहीसाठी फार वणवण होते.

पर्यवेक्षकाबाबतही असंच. संस्थेतला पर्यवेक्षक आणि महाविद्यालयातला मार्गदर्शक, दोघेही सीटीआरएस हवेत, आणि संस्थेतल्या पर्यवेक्षकाला ते प्रमाणपत्र मिळून किमान वर्ष झालेलं असावं. हे पहिल्या दिवसाआधी एनसीटीआरसीच्या यादीत तपासा; तोंडी हमीवर विसंबू नका. कामही मूल्यमापन, नियोजन, उपक्रम, परिणामांची तपासणी आणि नोंदी या पूर्ण प्रक्रियेचं हवं. इंटर्नला चौदा आठवडे नुसते खेळ घ्यायला लावणाऱ्या संस्था आहेत, आणि त्याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते. पुण्या-मुंबईच्या डे केअर सेंटरमधलं काम कितीही चांगलं असो, वर सीटीआरएस पर्यवेक्षक नसेल तर ते इंटर्नशिप म्हणून चालत नाही.

महाराष्ट्रातून पदवी घेऊन गेलेल्यांची खरी अडचण मार्कशीट. जुन्या मार्कशीटवर सेमिस्टर क्रेडिट नसतात, आणि कधी विषयाऐवजी ‘पेपर ४’ एवढंच छापलेलं असतं. कोर्सनिहाय मूल्यांकन, म्हणजे प्रत्येक विषयाचे अमेरिकी क्रेडिट किती हे सांगणारा अहवाल, करून घ्या. नुसती ‘पदवी समकक्ष आहे’ एवढं सांगणारा स्वस्त अहवाल इथे निरुपयोगी ठरतो. त्या वर्षीचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी भारतातूनच घेऊन निघा. परदेशातून ईमेल करून तो मिळवणं म्हणजे संयमाची परीक्षा, आणि विद्यापीठांनी विद्यार्थ्यांना अशी वागणूक देण्याचं काहीही कारण नाही.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल, तर पदवीचा भाग असलेल्या इंटर्नशिपसाठी आय-२० (महाविद्यालय देतं तो व्हिसाचा कागद) वर सीपीटीची, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून काम करण्याची, मंजुरी आधी हवी. पदवीनंतरच्या ओपीटीत, म्हणजे त्याच व्हिसावर काम करण्याच्या मुदतीत, बेरोजगारीचे एकूण ९० दिवसच मिळतात. छाननी, परीक्षा आणि निकाल याच काळात आले, तर दिवस भराभर संपतात. ट्रान्सक्रिप्टवर पदवी आणि ती मिळाल्याची तारीख चढली आहे का, हे पाहूनच ती एनसीटीआरसीला पाठवायला महाविद्यालयाला सांगा.

बाकी अर्ज ऑनलाइन भरायचा, शुल्क भरायचं आणि मंजुरीनंतर संगणकावरच्या परीक्षेची वेळ घ्यायची. प्रमाणपत्राची मुदत ५ वर्षं, पण देखभाल शुल्क दरवर्षी भरावं लागतं. युटा, नॉर्थ कॅरोलायना, ओक्लाहोमा, न्यू हॅम्पशायर या राज्यांत वेगळा परवानाही लागतो. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीतही परवान्याचा कायदा झाला आहे, तेव्हा नोकरी स्वीकारण्याआधी तिथल्या परवाना मंडळाचे नियम वाचा.