फ्री थ्रोच्या रेषेवरचे पाच सेकंद

बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रोच्या, म्हणजे कुणीही न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकण्याच्या, रेषेवर उभ्या राहिलेल्या खेळाडूला बाकावरून हमखास ऐकू येतं, "चुकवू नकोस!" ओरडणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण खेळाडू हेच वाक्य मनात घोळवू लागला, की घात होतो.

१९८७ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी प्रयोगात लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नको असलेला विचार येतोय का, हे तपासायला मनाला तोच विचार जवळ बाळगावा लागतो. 'चुकायचं नाही'मध्ये चूक अशीच दडलेली असते.

मग मनात काय म्हणायचं? उत्तर कार्यकारी स्मृतीत, म्हणजे हातातल्या कामापुरतं क्षणभर धरून ठेवणाऱ्या स्मृतीत आहे. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली तिचं प्रारूप मांडलं. तिचा एक भाग फक्त शब्दांसाठी असतो: मनातल्या मनात फिरणारी ध्वनीची साखळी, जेमतेम दोन सेकंदांच्या बोलण्याइतकी. फोन नंबर लिहून घेईपर्यंत आपण तो पुटपुटतो ना, तो याच साखळीवर. मध्येच कुणी काही विचारलं की नंबर गेलाच! जागाच तेवढी. प्रयोगशाळेत तर एखादा निरर्थक शब्द सतत उच्चारायला लावला, तरी माणसाला समोरची यादी लक्षात ठेवणं जड जातं.

आता गंमत बघा. काळजी बहुतांशी शब्दांतच येते. 'हा गेला तर सामना गेला', 'सगळे बघतायत'. या वाक्यांनाही तीच साखळी लागते. खेळाडूने तिथे आपला एक शब्द आधीच बसवला, तर काळजीला शिरायला जागा कमी उरते. हृदयाची धडधड थांबेलच असं नाही, पण तिच्यावरचं समालोचन थांबतं.

शब्द कोणता, यालाही महत्त्व आहे. नवशिक्याला 'मनगट', 'कोपर' असे सूचनेचे शब्द उपयोगी पडतात. मुरलेल्या खेळाडूचं तसं नाही. त्याची फेक गुडघ्यापासून बोटांपर्यंत एकसंध झालेली असते; दडपणाखाली तो एकेका सांध्यावर पहारा ठेवू लागला की ती लय तुटते. २००८ साली अनुभवी गोल्फपटूंवर झालेल्या प्रयोगात हेच दिसलं: तंत्राचे सुटे शब्द आठवणाऱ्यांचा खेळ दडपणाखाली घसरला, पूर्ण हालचालीचा भाव सांगणारा एकच शब्द म्हणणाऱ्यांचा टिकला. 'सहज' किंवा 'अलगद' यांसारखा शब्द म्हणूनच चालतो.

मनाशी बोलण्याच्या या युक्तीच्या नावाखाली 'आरशासमोर रोज मी सर्वोत्तम आहे म्हणा, अवचेतन मन बाकीचं करेल' असंही खपवलं जातं. त्याला आधार नाही. उलट २००९ च्या एका अभ्यासात, आत्मसन्मान कमी असलेल्यांनी 'मी प्रेमास पात्र आहे' असं वारंवार म्हटल्यावर त्यांना आणखी वाईट वाटलं. न पटणारं वाक्य मन आतूनच खोडून काढतं. 'अलगद'मध्ये खोडण्यासारखं काही नसतं.

मात्र हा शब्द सामन्याच्या दिवशी उसना आणून चालत नाही. धावून दम लागलाय, पाय थरथरतायत, अशा वेळी सरावात रेषेवर यायचं. चेंडू दोनदा आपटायचा, श्वास सोडायचा, मनात 'अलगद', आणि त्याच शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर बोटांतून चेंडू सुटू द्यायचा.