पायाचं सूप आणि आतड्याचं अस्तर

"पायाचं सूप प्या, त्यातलं कोलेजन थेट आतड्याच्या अस्तराला चिकटतं आणि भोकं बुजवतं." हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, फोंड्याच्या आमच्या घरच्या ग्रुपवरही आलाय. सूप पौष्टिक आहेच, त्यामुळे पटतंही. पण कोलेजन हे प्रथिन तसंच्या तसं शोषलं जात नाही. जठरातलं पेप्सिन आणि पुढे लहान आतड्यातलं ट्रिप्सिन ही पाचकद्रव्यं त्याचे बारीक तुकडे करतात.

घरी पाहा. जिलेटिन म्हणजे शिजून विरघळलेलं कोलेजन. (चायना ग्रास नको, त्यात प्रथिन नसतं.) कोमट द्रावणाच्या दोन वाट्या भरा. एकीत ताज्या अननसाचा रस, दुसरीत उकळून गार केलेला. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. उकळलेल्या रसाची जेली थरथरते. ताज्या रसाचं पाणीच राहतं, कारण अननसातलं ब्रोमेलेन प्रथिन तोडतं. पोटातही असंच तुटतं.

आतड्याचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं, साधारण ३ ते ५ दिवसांत नवं होणारं. पेशीला ताठ ठेवणारं केराटिन, दोन पेशी सांधणारं क्लॉडिन ही प्रथिनं पेशी स्वतःच घडवतात. केराटिन ८ नसलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्याला सूज येते, इतकं ते मोलाचं. त्यासाठीचा कच्चा माल हुमणातल्या (माशांच्या आमटीतल्या) बांगड्यातून, मुगागाठीतूनही (मोडाच्या मुगाच्या रश्श्यातूनही) मिळतो. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, तर मात्र सूपावर दिवस काढू नका, डॉक्टरांना दाखवा.