नळी लांब म्हणून नेम अचूक? नाही

बंदुकीबद्दल ‘जितकी लांब नळी, तितका पक्का नेम’ हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते चुकीचं आहे.

लांबीने वाढतो तो गोळीचा वेग. दारू जळून तयार झालेला वायू गोळीला ढकलत असतो. नळी लांब असेल तर तो जास्त वेळ ढकलतो. पण यालाही मर्यादा आहे. .22 लाँग रायफलच्या छोट्या काडतुसातली दारू नळीच्या साधारण 16 इंच लांबीच्या आसपास आपलं काम उरकते. त्यापुढे वेग फारसा वाढत नाही, उलट घर्षणाने थोडा घटूही शकतो.

मग गैरसमज आला कुठून? माझ्या मते साध्या लोखंडी साइटमधून, म्हणजे नेम धरण्यासाठी बंदुकीवर पुढे-मागे असलेल्या खुणांमधून. मागची आणि पुढची साइट यांत 50 सेंटिमीटर अंतर असेल आणि जुळवताना 1 मिलिमीटरची चूक झाली, तर 50 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर बाजूला जाते. तेच अंतर 25 सेंटिमीटर असेल, तर 20 सेंटिमीटर! म्हणजे लांब नळीवर डोळ्याची चूक कमी होते, नळी स्वतः काही जास्त अचूक नसते. स्कोप (नेमासाठीची दुर्बीण) लावला की हा फायदाच संपतो.

उलट, सारख्याच जाडीच्या दोन नळ्यांत आखूड नळी जास्त ताठ असते, गोळी सुटताना कमी थरथरते. खरी अचूकता नळीच्या आतल्या आट्यांचा (गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचांचा) दर्जा, नळीच्या तोंडाची सफाईदार घडण आणि काडतुसांचा सारखेपणा यांवर ठरते.

शॉटगनचंही तसंच: छर्रे किती पसरतील हे मुख्यतः चोक (नळीच्या तोंडाशी असलेला अरुंद भाग) ठरवतो, लांबी नव्हे.