नखं श्वास घेत नाहीत

तुळशीचं लग्न लागलं की पुण्यात लग्नसराई सुरू होते. लक्ष्मी रोडवर पैठणी घेऊन झाली की नवऱ्या मुली माझ्याकडे नखांसाठी येतात. सोबतच्या मावशीची सूचना ठरलेली, "जेल नेलपॉलिश लावण्याआधी महिनाभर नखं मोकळी ठेव गं, श्वास घेऊ दे त्यांना."

मावशी, नखं श्वास घेत नाहीत. आपल्याला दिसतं ते नख म्हणजे केराटिन या प्रथिनाचे मृत थर. जिवंत भाग मुळाशी, त्वचेखाली; त्याला प्राणवायू रक्तातून मिळतो.

मग जेलनंतर नखं पातळ का होतात? बहुतेकदा ते ओरबाडून काढल्यामुळे. सोलताना नखाचे वरचे थरही निघून येतात. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस १०-१५ मिनिटं बांधून ठेवा, जेल सुटलं की हलकेच सरकवा. घाई नकोच. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. बिघडलेलं नख पूर्ण बदलायला सहा महिने लागतात, महिनाभराच्या सुट्टीनं ते भरून येत नाही.

खाज किंवा सूज आली तर मात्र जेल थांबवा, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि हिरव्या चुड्यासोबत गडद माणकी रंग, अनामिकेवर बारीक सोनेरी चंद्रकोर! ट्रायलला लग्नाआधी तीन आठवडे या.