निळी डबी आणि पाच आकडी बरणी

दोन क्रीमची लेबलं शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिलं निव्हियाच्या निळ्या पत्र्याच्या डबीचं, युरोपात विकतात त्या डबीवरचं : पाणी, लिक्विड पॅराफिन, मायक्रोक्रिस्टलाइन मेण, ग्लिसरीन, लॅनोलिन अल्कोहोल, घन पॅराफिन, पँथेनॉल, मॅग्नेशियम सल्फेट. दुसरं 'क्रेम द ला मेर'चं, ज्याच्या ६० मिलिलिटरच्या बरणीला पाच आकडी रुपये मोजावे लागतात : समुद्रशेवाळाचा अर्क, मिनरल ऑइल, पेट्रोलॅटम (म्हणजे पेट्रोलियम जेली), ग्लिसरीन, आयसोहेक्झाडेकेन, मायक्रोक्रिस्टलाइन मेण, लॅनोलिन अल्कोहोल आणि थोडं खाली तेच मॅग्नेशियम सल्फेट. लिक्विड पॅराफिन आणि मिनरल ऑइल ही एकाच पदार्थाची दोन नावं. शेवाळाचा अर्क, थोडी वनस्पतितेलं आणि सुगंध बाजूला काढले तर सांगाडा जवळपास तोच उरतो.

तेवढ्यावरून दोन्ही क्रीम अगदी सारखी ठरत नाहीत. लेबलवर घटकांचा क्रम असतो, टक्केवारी नसते. बोटाला लागणारा मऊपणा, वास, बरणीचं वजन यांत फरक आहे आणि कुणाला त्यासाठी पैसे मोजायचे असतील तर खुशाल मोजावेत. पण कोरड्या त्वचेचं जे मूळ दुखणं आहे, त्यावर इलाज करणारे घटक दोन्हीकडे तेच आहेत आणि ते स्वस्त आहेत.

दुखणं असं आहे. चेहऱ्याच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. तो वहीच्या कागदापेक्षाही पातळ, १० ते २० मायक्रोमीटरचा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चपट्या मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं हे स्निग्ध पदार्थ. या भिंतीतून आतलं पाणी सतत झिरपून हवेत उडत असतं. हा घाम नव्हे. घाम नसतानाही झिरपा चालूच असतो. साबणाने चुना धुपला किंवा हवा कोरडी झाली की झिरपा वाढतो आणि थरातलं पाणी कमी होतं. ते १० टक्क्यांच्या खाली गेलं की थर कडक होऊन तडकतो. शिवाय जुन्या पेशी सुट्या करणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) काम करायला पाणी लागतं. पाणी नसलं की पेशी एकेक करून गळत नाहीत, पुंजक्यांनी लोंबत राहतात. नाकाच्या बाजूला दिसणारे पांढरे पापुद्रे ते हेच.

जाड क्रीम वरून पाणी 'पाजत' नाही. क्रीममधलं बरंचसं पाणी थोड्या वेळात उडून जातं. मागे राहिलेला स्निग्ध थर आतून येणारं पाणी अडवतो आणि त्वचा स्वतःच्याच पाण्याने भिजते. हे अडवण्याचं काम पेट्रोलियम जेलीइतकं दुसरं काहीच करत नाही. ती झिरपा ९८ टक्क्यांपर्यंत रोखू शकते, तर बहुतेक तेलं २० ते ३० टक्क्यांवर थांबतात. रॉबर्ट चेसब्रो यांना तिचं अमेरिकन पेटंट मिळालं १८७२ मध्ये. दीडशे वर्षांत तिच्यापुढे कुणी गेलेलं नाही. तिची अडचण वेगळीच : नुसती लावली तर चेहरा तळलेल्या पापडासारखा चकाकतो.

ही अडचण क्रीम सोडवतं, स्निग्धात पाणी मिसळून, आणि इथे दूध आणि लोणी आठवायला हवं. दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे थेंब. लोणी म्हणजे स्निग्धात अडकलेले पाण्याचे थेंब. बाजारातली बहुतेक लोशनं दुधाच्या जातीची असतात. निळ्या डबीतलं क्रीम लोण्याच्या जातीचं. ओळखायची सोपी खूण आहे. हाताच्या पाठीवर थोडं चोळा आणि नळाखाली धरा. पांढरं होऊन वाहून गेलं तर ते दूध. पाणी अळूच्या पानावरून घरंगळावं तसं थेंबाथेंबाने घसरलं तर ते लोणी. डबीवर 'कोल्ड क्रीम' लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. त्या नावाखाली दोन्ही जातींचा माल विकला जातो.

लोण्याच्या जातीचं क्रीम टिकवणं अवघड असतं. आपल्याकडचं शतधौत घृत याच वळणाचं आहे. तांब्याच्या भांड्यात तूप पाण्याने फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, असं शंभर वेळा. तूप पांढरंशुभ्र, हलकं होतं, पण शेवटी ते तूपच, खवट होणारच. युरोपातल्या जुन्या क्रीमचीही तीच गत होती. आयझॅक लिफशुट्झ या रसायनशास्त्रज्ञाने लोकरीच्या मेदापासून 'युसेरिट' नावाचा पदार्थ काढला. तो भरपूर पाणी तेलात धरून ठेवायचा. हॅम्बुर्गच्या बायर्सडोर्फ कंपनीचे मालक ऑस्कर ट्रोप्लोविट्झ यांना त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी त्याचं महत्त्व पटवलं आणि १९११ मध्ये क्रीम बाजारात आलं. नाव ठेवलं लॅटिनमधल्या बर्फाच्या शब्दावरून. डबी तेव्हा पिवळी होती. निळी झाली १९२५ मध्ये. लेबलवरचं लॅनोलिन अल्कोहोल म्हणजेच ते युसेरिट. आणि मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे घरात जुलाबाचं मीठ म्हणून ओळखतात ते, त्वचेसाठी घातलेलंच नाही. ते पाण्याच्या थेंबांत विरघळून राहतं, त्यामुळे लहान थेंबांतलं पाणी मोठ्या थेंबांकडे सरकत नाही आणि क्रीम फुटत नाही. पाणी असं चारही बाजूंनी तेलात कोंडलेलं असल्यामुळे जंतूंनाही तिथे वाढणं कठीण जातं.

तीच डबी घ्यायला हवी असं मुळीच नाही. औषधाच्या दुकानात सुमारे १३ टक्के व्हाइट सॉफ्ट पॅराफिन (म्हणजे पेट्रोलियम जेलीच) आणि १० टक्के लाइट लिक्विड पॅराफिन असलेली साधी, बिनवासाची क्रीम मिळतात. त्वचा नाजूक असेल तर ती अधिक बरी. त्याहून स्वस्त हवं तर व्हाइट पेट्रोलियम जेली, वेष्टनावर 'आय.पी.' म्हणजे भारतीय औषधकोशाच्या दर्जाची खूण पाहून. बोरोलीन या यादीत बसत नाही. त्यात बोरिक ॲसिड आणि झिंक ऑक्साइड असतं, ते चिरेवर-खरचटण्यावर लावायचं जंतुनाशक मलम आहे. कोकणातलं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, भेगाळलेल्या टाचांना उत्तम. पण ते वितळतं ३८ ते ४० अंशांना आणि चेहऱ्याची कातडी असते ३२ ते ३४ अंशांवर. गालावर ते पसरत नाही, मेणासारखं ओढतं. आणि स्वस्त म्हणजे घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेली 'गोरं करणारी' डबी नव्हे. असल्या डब्यांत पारा किंवा स्टेरॉइड सापडतं.

आता लावायची रीत, कारण जाड क्रीमबद्दलच्या निम्म्या तक्रारी रीत चुकल्यामुळे होतात. रात्री कोमट पाण्याने, सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा. टॉवेलने टिपा, घासू नका आणि पूर्ण कोरडा करू नका. दोन-तीन मिनिटांत, चेहरा दमट असतानाच क्रीम लागलं पाहिजे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. डॉक्टर हेच माप वापरतात आणि ते बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला पुरतं. जाड क्रीमसाठी त्याच्या निम्म्याने सुरुवात करा, सुक्या हरभऱ्याएवढं. ते थेट गालावर फासू नका. दोन्ही हातांच्या बोटांत दहा-पंधरा सेकंद चोळा, पांढरं क्रीम पारदर्शक होईपर्यंत. मग गाल, कपाळ, हनुवटी या क्रमाने दाबत लावा. डोळ्यांच्या कडा सोडून द्या. दहा मिनिटांनी बोट लावल्यावर चिकट लागलं तर प्रमाण जास्त झालं. टिश्यूने हलकेच टिपून घ्या आणि उद्या कमी घ्या.

सकाळी हे क्रीम नको. त्याच्यावर सनस्क्रीन नीट बसत नाही, दोन्ही मिळून मळाच्या सुरळ्या निघतात आणि जिथे सुरळी निघाली तिथलं संरक्षण गेलं. दिवसा सनस्क्रीनच्या आतला स्निग्धांश बहुतेकांना पुरतो.

बिघडतं कुठे? लोक म्हणतात मिनरल ऑइलने मुरुमं येतात. ही समजूत बरीचशी सशाच्या कानांवरच्या जुन्या चाचण्यांतून आली. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार लवकर चिडतो. शुद्ध केलेलं पॅराफिन माणसाच्या त्वचेची छिद्रं बुजवत नाही असंच दिसून आलं आहे. तरी मूळचाच तेलकट चेहरा, चालू असलेली मुरुमं, कपाळावर एकसारख्या बारीक खाजऱ्या पुळ्या असतील तर जाड क्रीमच्या वाटेला जाऊ नका. त्या पुळ्या बऱ्याचदा मॅलेसेझिया या यीस्टच्या, म्हणजे त्वचेवर राहणाऱ्या सूक्ष्म बुरशीच्या, असतात. तिला घाम, उबारा आणि मेदाम्लं आवडतात. पॅराफिन तिला पचवता येत नाही, पण खोबरेल तेल हे तिचं जेवण आहे. म्हणून अशा कपाळावर 'नैसर्गिक तेच बरं' हा सल्ला अंगाशी येतो.

दुसरा बिघाड ॲलर्जीचा, आणि त्यात दोष बहुधा वासाचा असतो, कधी लॅनोलिनचा. चेहऱ्यावर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर रोज दोनदा, सात दिवस लावून बघा. लालसरपणा, खाज, बारीक पुरळ आलं तर ती डबी टाचांसाठी ठेवू नका, कुणाला देऊन टाका. तिसरी गोष्ट विसरली जाते : पॅराफिन मुरलेलं कापड भडकन पेटतं आणि धुतल्यावरही ते पुरतं निघत नाही. क्रीम लागलेली ओढणी, उशीची खोळ शेगडीपासून आणि निरांजनापासून लांब ठेवा.

हवामानाचंही भान हवं. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे, नागपूरला हे क्रीम कामाचं. मुंबई-रत्नागिरीला जुलैमध्ये लावलं तर घामाने चेहरा गुदमरेल. एसीत झोपणारे याला अपवाद, आणि हिवाळाभर हीटरमध्ये राहणारी टोरांटो-बर्लिनकडची मराठी घरंही.

जाड क्रीम काय करत नाही तेही सांगायला हवं. ते ऊन अडवत नाही, डाग घालवत नाही. बारीक सुरकुत्या फुगून मिटल्यासारख्या दिसतात, पण परिणाम क्रीम लावत राहाल तोवरच. सुरकुत्यांवर पुरावा आहे तो ट्रेटिनॉइनसारख्या रेटिनॉइडचा (अ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या औषधाचा), आणि ते डॉक्टरांनी लिहून द्यायचं औषध आहे. गरोदरपणात ते वापरत नाहीत. बरणीतून वाचलेले पैसे खर्चायचेच असतील तर भरपूर सनस्क्रीनवर खर्चा, कारण ते कंजूषपणे लावलं तर वेष्टनावरच्या एसपीएफच्या आकड्याएवढं काम करत नाही.

महाग क्रीम आधीपासून घरात असेल तर ते फेकण्याआधी एक प्रयोग करा. उजव्या गालाला स्वस्त क्रीम, डाव्या गालाला महाग, चार आठवडे, बाकी सगळं दोन्हीकडे सारखं. वरचा थर साधारण दोन आठवड्यांत बदलतो, म्हणून आठवड्याभरात निकाल देऊ नका. दर रविवारी सकाळी, तोंड धुण्याआधी, त्याच खिडकीच्या उजेडात दोन्ही गालांचे फोटो काढा. घरातल्या दुसऱ्या कुणाला कुठला गाल कुठला हे न सांगता दाखवा. शेवटी दोन दिवस दोन्हीकडे काहीच लावू नका आणि पापुद्रे आधी कुठे सुटतात ते बघा. रोज रात्री अर्धा ग्रॅम लावलं तरी ६० ग्रॅमची डबी १२० रात्री पुरते, म्हणजे दिवाळीला उघडलेली डबी जवळपास शिमग्यापर्यंत.