फितूर किती, वेंधळे किती?

सायबर सुरक्षेच्या प्रेझेंटेशनमध्ये ‘धोका घरातूनच आहे’ हे पटवायला एक आकडा हाताशी असतो: ३५ टक्के. व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या २०२४ च्या डेटागळती अहवालात तेवढ्या प्रकरणांत संस्थेतलंच कुणीतरी गुंतलेलं होतं. आदल्या वर्षीच्या अहवालात हेच प्रमाण १९ टक्के होतं. वर्षभरात एवढे कर्मचारी उलटले की काय? तर नाही. त्याच अहवालानुसार या आतल्या प्रकरणांपैकी ७३ टक्के निव्वळ चुका होत्या: भलत्यालाच गेलेली मेल, सगळ्यांना उघडं राहिलेलं फोल्डर. हिशेब मांडला तर एकूण गळतीत वेंधळेपणाचा वाटा साधारण चौथा हिस्सा, आणि मुद्दाम केलेल्या उद्योगांचा फार तर दहा टक्के.

पोनेमन इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अहवालाने फक्त आतल्या घटना मोजल्या. त्यात ५६ टक्के निष्काळजीपणा, २६ टक्के दुष्ट हेतू. उरलेल्या १८ टक्क्यांत कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरून बाहेरचाच कुणी आत शिरला होता. त्याला आतला म्हणायचं का, हा वादाचा मुद्दा. माझ्या मते म्हणू नये.

फितूर कसा असतो? ब्रिटनमधल्या मॉरिसन्स या सुपरमार्केट साखळीतलं प्रकरण बघा. तिथल्या अंतर्गत लेखापरीक्षकावर एका किरकोळ प्रकरणात शिस्तभंगाची कारवाई झाली आणि त्याने ती मनात ठेवली. पुढे बाहेरच्या लेखापरीक्षकांना द्यायचा म्हणून सगळ्यांच्या पगाराचा डेटा रीतसर त्याच्या हाती आला. त्याने गुपचूप एक प्रत स्वतःकडे ठेवली आणि २०१४ मध्ये जवळपास एक लाख कर्मचाऱ्यांची माहिती इंटरनेटवर टाकली, तीही आळ एका सहकाऱ्यावर यावा अशा बेताने. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली.

आता वेंधळा. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहिती अधिकाराच्या एका अर्जाला एक्सेल फाइल जोडून उत्तर दिलं. फाइलमध्ये एक लपवलेली शीट राहून गेली होती. तिच्यात साडेनऊ हजारांच्या आसपास पोलीस आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणं होती. जिथे सशस्त्र गटांच्या भीतीने पोलिसाची नोकरी शेजाऱ्यापासूनही लपवावी लागते, तिथे ही यादी काही तास जगासमोर होती. पाठवणाऱ्याचं कुणाशी वैर नव्हतं. तरी झालेलं नुकसान मॉरिसन्सपेक्षा जास्त भयंकर म्हणावं लागेल.

दोन्हीकडे बाहेरच्यांना अडवणारी फायरवॉल गप्पच राहते, कारण माणूस अधिकृत आणि लॉगिनही खरं. म्हणूनच ही दोन्ही प्रकरणं एका खात्यात जमा होतात. पण फितुरीला पूर्वतयारी लागते. नाराजी, कामाशी संबंध नसलेल्या फायली डाउनलोड करणं, राजीनाम्याच्या आगेमागे वाढलेली कॉपी, असा काही ना काही माग राहतो. चुकीला तयारी नसते. तिचा पहिला साक्षीदार बहुधा चूक करणाराच असतो. आणि इथेच बऱ्याच कंपन्या गोंधळ घालतात. फितुरासाठी केलेला जरब बसवणारा नियम सगळ्यांना सरसकट लावला की वेंधळा माणूस तोंड उघडत नाही. दहा मिनिटांत मागे घेता आली असती ती मेल महिनाभर तशीच पडून राहते. चूक कळवणाऱ्याला अभय आणि चूक लपवणाऱ्याला शिक्षा, हा नियम मला जास्त शहाणपणाचा वाटतो. गरजेपुरताच प्रवेश देण्याची सवय मात्र दोघांनाही पुरते: ज्याच्या हाती डेटाच कमी, तो रागावला काय किंवा घाईत असला काय, सांडणार तेवढंच.

जबाबदारीचा निकाल मात्र उफराटा लागला. मॉरिसन्सच्या कर्मचाऱ्यांनी भरपाईसाठी कंपनीवर दावा लावला. २०२० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की तो वैयक्तिक सूड होता, त्याची जबाबदारी मालकावर येत नाही. पोलिसांच्या त्या लपलेल्या शीटसाठी मात्र ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२४ मध्ये साडेसात लाख पौंडांचा दंड ठोकला.