जुनी गाडी घरीच दुरुस्त करताय? मग हे वाचा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मारुती ८००, ओम्नी, झेन, सँट्रो, इंडिका अशा गाड्या सांभाळणारे पुष्कळ लोक आमच्या काउंटरवर येतात. मारुती ८००चं उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबलं, पण तिचे पार्ट अजून सहज मिळतात आणि तिची बरीच कामं अंगणात उभी करून होतात. ती तुम्ही जरूर करा. आमची मजुरी बुडाली तरी चालेल. फक्त कुठे हात घालायचा आणि कुठे नाही, तेवढं आधी बघून घ्या.

पहिलं काम रेडिएटरचं

जळगाव-भुसावळकडे मे हीटमध्ये पारा ४५च्या वर जातो. त्यातच लग्नसराई, गाडीत पाच-सहा माणसं आणि एसी चालू. उन्हाळ्यात आमच्याकडे टो करून आलेल्या जुन्या गाड्या बहुतेक तापलेल्याच असतात. म्हणून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी पुढची तपासणी उरकून घ्या.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा आणि रेडिएटरचे वरचे-खालचे होज पाइप हाताने दाबा. चांगला पाइप दबतो आणि लगेच मूळ आकारात येतो. दाबल्यावर कुरकुर आवाज आला, बारीक भेगा दिसल्या किंवा क्लिपजवळ फुगवटा लागला, तर बदला. पाइपसोबत क्लिपही नवीच घाला. जुनी क्लिप पुन्हा आवळून दहा-वीस रुपये वाचतात आणि पाणी चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट चढताना जातं.

रेडिएटरच्या टोपीकडे कोणी बघतच नाही. ही टोपी दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. आतलं रबर कडक झालं की दाब सुटतो आणि सगळं नीट असूनही गाडी तापते. टोपीवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. नवी घेताना तोच आकडा बघून घ्या. इंजिन गरम असताना मात्र टोपीला हात लावायचा नाही, फडकं धरूनसुद्धा नाही.

‘काय भो, पाणीच तर टाकायचं ना!’ असं म्हणत बोअरचं पाणी ओतणारे खूप आहेत. बोअरच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. तयार मिसळलेलं कूलंट आणलं असेल तर त्यात पाणी टाकू नका. आधीचं कूलंट कोणतं हे माहीत नसेल तर सगळं काढून नवं भरा. आणि उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं पाणी गरजेप्रमाणे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा बसवा.

रस्त्यात तापमानाचा काटा वर जायला लागला की एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर फुल करा. भर उन्हात हीटर म्हणजे जीव नकोसा होतो खरा, पण इंजिनची उष्णता थोडी बाहेर जाते. तरीही काटा उतरला नाही तर सावली बघून इंजिन बंद करा आणि चांगला पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं. पाइपचं काम मग हेडच्या खर्चावर जातं.

बाकीची घरची कामं

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर खायचा सोडा आणि कोमट पाणी घेऊन जुन्या ब्रशने साफ करा. खोलताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. वरून थोडं व्हॅसलिन लावा. आतल्या प्लेटा बुडालेल्या असाव्यात, पातळी उतरली तर डिस्टिल्ड वॉटर घाला. फिल्टरचं पाणी चालत नाही. जवळ बिडी-सिगारेट नको.

कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या भागातून रोज जाणं असेल तर एअर फिल्टर एरवीपेक्षा लवकर बघा. कागदी फिल्टर पेट्रोलने धुवू नका. आतून बाहेर हलकी हवा मारा, काळा पडला असेल तर बदला.

स्पार्क प्लग खोलल्यावर टोक कॉफीच्या रंगाचं दिसलं तर ठीक. काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ओलं तेलकट असेल तर इंजिन ऑइल खातंय. नवा प्लग आधी हाताने फिरवून आट्यांवर बसवा, पाना नंतर. आटे एकदा गेले की हेड उतरवावं लागतं.

फ्यूज उडाला तर त्याच रंगाचा लावा: लाल १०, निळा १५, पिवळा २० अँपिअर. तार गुंडाळून चालवलेली गाडी वायरिंग जाळते.

इथे हात घालू नका

ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट आणि एसीचा गॅस. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये तार घालून साफ करणं हा जुना उद्योग आहे. भोक मोठं होतं आणि अॅव्हरेज कायमचं पडतं. गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचलून खाली कधीच शिरू नका. वीट सांगून फुटत नाही.

पेट्रोलच्या पाइपांचंही तसंच. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. सकाळी गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर सेल मारू नका, फोन करा. फ्यूएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत इंजिन बंद असतानाही पाइपात दाब असतो, त्यामुळे तो घरी खोलू नका.

दुकानात येताना

जुना पार्ट सोबत आणा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पार्ट बदललेले असतात, आणि मोबाइलवरच्या फोटोवरून होजचा व्यास कळत नाही. आरसीचा फोटोही असू द्या. कंपनीचा पार्ट आणि लोकल पार्ट दोन्हींचे भाव आम्ही सांगतो. क्लिप, बल्ब, वायपर लोकल घेतले तरी हरकत नाही. ब्रेक लायनर आणि फॅन बेल्ट मात्र लोकल मागू नका, आम्ही ठेवतच नाही.

घरी ऑइल बदललं तर जुनं ऑइल कॅनमध्ये भरून आणा, गटारीत किंवा बांधावर ओतू नका. न वापरलेला पार्ट पाकिटासह आठ दिवसांत परत घेतो. इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की परत होत नाही, म्हणून तो काउंटरवरच तपासून घ्या.